पऱ्हाट्यांचं सरण

माझा बाप टायरवर जळाला, हे आम्हां बायकांना तिसऱ्या दिवशी कळलं.

श्रावणातलं मरण होतं. चार दिवस झड लागलेली. आमचं गाव पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातलं, अकोला आणि अमरावती जिल्ह्यांच्या शिवेवरचं. जमीन काळीभोर, विहिरींचं पाणी खारट आणि झाडं बोटांवर मोजण्याएवढी. गावच्या मसनवटीत तेव्हा ना शेड होतं ना ओटा. नाल्याच्या काठावरची मोकळी जागा, एवढंच. बायांनी तिकडे जायचं नाही हा नियम. माणसं बाबांना घेऊन गेली आणि आम्ही घरात बसलो. संध्याकाळी माणसं परतली तेव्हा दादाच्या, म्हणजे माझ्या मोठ्या भावाच्या कपड्यांना जळक्या रबराचा वास येत होता. मायनं तो ओळखला, पण त्या दिवशी ती काही बोलली नाही.

राख सावडून अस्थी मडक्यात घालून घरी आणल्या तेव्हा ती म्हणाली, "मले दाखवा." काकाजी, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, नको नको म्हणत होते. तिनं ऐकलं नाही. मडक्यात हात घातला आणि तिच्या बोटांना तार लागली. टायरच्या आत असते ती, बारीक, जळून तांबूस झालेली.

"हे काय होय?" तिनं विचारलं.

"लाकडं वल्ले होते, वहिनी," काकाजी म्हणाले. "पेटूनच नाही राहिले. डिझल टाकून पाह्यलं. मंग दोन टायर टाकले. सारेच टाकतात."

"सारेच टाकतात," माय म्हणाली. मग तांदळातले खडे निवडावे तशी ती मडक्यातल्या तारा निवडत बसली. मी शेजारी बसून पाहत होते. मी तेव्हा अमरावतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मुलांच्या हातांनी रोपं लावून घ्यायची, झाडांवर भाषण द्यायची, टाळ्या घ्यायची. आणि माझ्या बापाच्या हाडांतून माझी आई तारा वेचत होती. मला त्या दिवशी जो राग आला तो आजतागायत पूर्ण उतरलेला नाही. पुढं जे घडलं त्यानं तो उतरण्याची सोयच ठेवली नाही.

कापूस वेचून संपला की वावरात उरते ती पऱ्हाटी, कपाशीचं वाळलेलं खोड. बाया ती चिमट्यानं उपटतात, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तिचे ढीग लावतात. थोडी चुलीसाठी घरी येते, बाकीची तिथंच पेटवून देतात. माघ-फाल्गुनात आमच्याकडे कुठल्याही दिशेला पाहा, धुराचे लोट उठलेले दिसतात. मायनं उभा जन्म पऱ्हाट्या उपटल्या आणि पेटवल्या. बाबा गेले त्याच्या पुढच्या माघात गावात एक गाडी आली. तिच्यासोबत पऱ्हाट्यांची कुट्टी करणारी मशीन होती. अकोल्याचा कोणी कारखानेवाला तो भुसा नेऊन, दाबून त्याच्या कांड्या पाडायचा. मायनं गाडीवाल्याला विचारलं, या कांड्यांचं करता काय. तो म्हणाला, "जाळतो, आजी. बॉयलरमधी. लाकडासारख्या जळतात, धूर कमी."

माय म्हणाली, "मड्याले चालते का?"

गाडीवाला हसला. मायनं मला फोन केला, "मले अकोल्याले घेऊन चाल."

त्या दिवशीची माय मला लख्ख आठवते. सत्तरी ओलांडलेली, नऊवारी लुगडं, पायात माझ्या मुलाच्या जुन्या चपला. कारखान्यात भुश्यानं सगळी हवा पिवळी झालेली. तिनं कांडी हातात घेऊन तोलली, वास घेतला, भाकरीचा तुकडा मोडावा तशी मोडून पाहिली. कारखान्याचा मालक तरुण होता. म्हातारी कशासाठी आली हे कळल्यावर तो आधी अवघडला, मग खुर्ची सरकवून म्हणाला, "बसा, आजी. शहरात काही ठिकानी चालू झालं हाय हे. पन त्याले खालून हवा लागते. जमिनीवर रचून जमत नाही, लोखंडी जाळी पायजे."

मग तिला ती जाळी पाहायची होती. म्हणून मी तिला अमरावतीतल्या एका स्मशानभूमीत घेऊन गेले. मीही जन्मात पहिल्यांदाच त्या फाटकातून आत गेले. तिथं काम करणारा माणूस दुपारच्या जेवणाचा डबा खात होता. त्यानं हात धुतले आणि आम्हाला सगळं दाखवलं. कंबरेएवढ्या उंचीची लोखंडी जाळी, बाजूंना उभे गज. खालून हवा खेळते म्हणून सामान कमी लागतं, पावसाळ्यातही पेटतं, राख खालच्या पत्र्यात पडते. मग त्यानं गॅसची दाहिनीही दाखवली. मायनं तिच्या दारातून आत डोकावून पाहिलं आणि मागं सरली.

"पेटीत नोको," ती म्हणाली. "जलमभर उघड्यावर राबलो. मले आभाळ दिसलं पायजे."

"मेल्यावर काय दिसते, आजी," तो म्हणाला.

"तुले काय मालूम," ती म्हणाली. दोघंही हसले.

गावी परतल्यावर तिनं पुढच्या हंगामाची वाट पाहिली. गाडी आली तेव्हा आपल्या वावरातल्या सगळ्या पऱ्हाट्या तिनं देऊन टाकल्या आणि सांगितलं, "पैसे नोको. माह्या पऱ्हाट्यायच्या कांड्या मले वापस आनून द्या." त्या माणसानं शब्द पाळला. बारा पोती आली. तिनं गोठ्यात विटांचे थर देऊन त्यांवर ती रचली, खताच्या रिकाम्या थैल्या शिवून वर पांघरूण केलं. बाबांचा जुना लोखंडी पलंग तालुक्याच्या वेल्डरकडे नेला, त्याला खालून आडवे गज मारून घेतले, पाय उंच करून घेतले. दिवाळीनंतर ती पोती उघडून कांड्या अंगणात पसरायची, ज्वारी वाळवतात तशा. येणारेजाणारे म्हणत, म्हातारी स्वतःचं सरण वाळू घालून राहिली. तिला त्यात चेष्टा वाटायची नाही. "हो," म्हणायची, "तुमाले लागलं तर मांगजा."

तिनं हे दादाला तोंडावर सांगितलं होतं. मी आणि वहिनी, दादाची बायको, दोघी तिथं होतो. दसऱ्याचा दिवस होता, जेवणं चालली होती.

"मले पऱ्हाट्यायवर जाळजा. झाड नोका तोडू. डिझल नोको, टायर नोको. ऐकलं का?"

"हो, माय," दादा म्हणाला.

"हो नोको म्हनू. माह्याकडे पाहून सांग."

त्यानं ताटातून मान वर केली, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हो. तसंच करीन."

हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण नंतर त्यानं सांगितलं की असं काही बोलणं झालंच नव्हतं.

आमच्या वावरात विहिरीजवळ एक कडुनिंब होता. खारपाणपट्ट्यात झाड जगवणं म्हणजे काय, हे बागायती मुलखातल्या माणसाला सांगून कळायचं नाही. वरुड-शेंदूरजनाघाटकडचे लोक संत्र्याच्या बागांत राहतात, त्यांना झाड ही विशेष गोष्ट वाटत नाही. आमच्याकडे विहिरीचं पाणी घातलं की रोप पिवळं पडून जातं. मायनं तो निंब लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी लावला आणि पहिले चार उन्हाळे गावातल्या पिण्याच्या पाण्यातली एक कळशी रोज डोक्यावर नेऊन वाढवला. सासू बोलायची, तरी नेली. कापूस वेचणाऱ्या बाया दुपारी त्याच्याच सावलीत भाकरी सोडायच्या. फांदीला लेकरांचे झोके असायचे. मैलभरात दुसरी सावली नव्हती.

माय फाल्गुनात गेली. सकाळी चहा प्याली, भिंतीला टेकून बसली आणि बसल्याजागी गेली. वहिनीचा फोन आला तेव्हा मी नुकतीच आंघोळ करून निघाले होते. नवरा आणि मी लगेच गाडी काढली. रस्ताभर मी रडत होते, पण एक गोष्ट मनात शांत होती. निदान मायचं तिच्या मनासारखं होईल. सगळं तयार आहे. फक्त गोठ्यातून बाहेर काढायचं आहे.

गावात शिरायच्या आधी आमच्या वावराचा रस्ता लागतो. तिथंच मशीनचा आवाज ऐकू आला. दोन माणसं करवतीच्या मशीननं निंब कापत होती. बुंधा आडवा झाला होता, आता फांद्यांचे तुकडे पाडणं चाललं होतं. ट्रॅक्टर उभा होता.

मी खाली उतरले. "कोणी सांगतलं?"

"तुमच्या भावानं," त्यातला एक म्हणाला. "म्हातारीसाठी."

मी घरी पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. पांढरे कपडे, पंचायतीतले लोक, सोसायटीतले लोक. दादा त्या वर्षी सेवा सोसायटीच्या निवडणुकीला उभा होता. मी आधी मायच्या पायाशी गेले, डोकं ठेवलं. मग उठून दादाला बाजूला घेतलं.

"गोठ्यात पोते हाय. पलंग हाय. निंब काऊन तोडला?"

"हळू बोल. लोक हाय."

"काऊन तोडला ते सांग."

"मायले भुश्यावर जाळू का? पंचक्रोशीतले लोक आले. उद्या म्हनतील, सरपनाले लाकडं भेटले नाही याले."

"तिनं तुले सांगतलं होतं."

"म्हातारपनी मानूस काईबी बोलते," तो म्हणाला.

काकाजी मध्ये आले. "बाई, तू शिकलेली हाय, पन हे शास्तर तुले समजत नाही. लाकडाशिवाय गती नाही." ज्या माणसानं सख्ख्या भावाला टायरवर जाळलं होतं, तो मला गतीचं सांगत होता. मी त्यांना तेच म्हटलं, याच शब्दांत. मी गोठ्यात गेले, एक पोतं ओढत अंगणात आणलं आणि म्हटलं, "उचला कोणी तरी." एकानंही हात लावला नाही. ज्यांच्या घरच्या लग्नांत मायनं हातचे पापड-कुरड्या पाठवल्या होत्या ते सगळे तिथं होते. माझा नवरा पुढं आला, पण जावयाला तिथं कोण विचारतं. वहिनी दारात तोंडाला पदर लावून उभी होती. तिच्याकडे पाहून मला राग आला. वाटलं, हिलाही ठाऊक आहे, हिनंही ऐकलं आहे, ही का बोलत नाही.

तिरडी उचलल्यावर मी मागून चालू लागले. काकाजी थांबले. "बाईमानसाचं तथी काय काम?"

"मायचं काय काम हाय तथी?" मी म्हणाले आणि चालत राहिले.

ओला निंब पेटत नाही. हे तिसरीतल्या पोराला कळतं. डेपोतून आणलेली थोडी वाळकी लाकडं खाली होती, ती जळून गेली, वरचा निंब नुसता फसफसत पांढरा धूर सोडत राहिला. त्या धुरात पानांचा कडू वास होता. मग डिझेलची कॅन आली. मी दादाकडे पाहत होते, तो माझ्याकडे पाहत नव्हता. दुसरी कॅन आली. मी विचारलं, "टायर बी आनले का?" एका बाभळीमागं ते ठेवलेले मला दिसत होते. ते मी जाऊन नाल्यात ढकलून दिले, दोन्ही. तेवढंच मी करू शकले.

तेवढंच का केलं, हा प्रश्न मी स्वतःला नंतर पुष्कळ वेळा विचारला. मी ट्रॅक्टरपुढं आडवी पडू शकले असते. तिरडी अडवू शकले असते. पोलिसांत जाऊ शकले असते, निदान धमकी तरी देऊ शकले असते. मी तीस वर्षं मुलांना वाद घालायला शिकवलं आणि आपल्या मायच्या वेळी एक पोतं अंगणापर्यंत ओढून थांबले. दादावर, काकाजींवर राग आहेच. पण आरशापुढं उभी राहते तेव्हा त्यातला मोठा वाटा समोरच्या बाईच्या पदरात पडतो. उन्हं उतरेपर्यंत मी तिथं उभी होते. माय नीट जळली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन पेटवावं लागलं.

तेरवीला मी जाणार नव्हते. नवरा म्हणाला, जा, नाहीतर नंतर रुखरुख लागेल. गेले. अंगणात मांडव होता. मागच्या बाजूला आचारी मोठ्या भट्टीवर वरणाचं गंज ठेवून बसला होता. भट्टीत जाळ छान लागला होता, धूर जवळपास नव्हताच. मी नुसती बघत उभी राहिले. आचारी म्हणाला, "बाई, लय मस्त सरपन हाय हे. कुठून आनलं? मले बी पायजे." आणि त्यानं शेजारच्या पोत्यातून दोन कांड्या काढून आत सारल्या.

रिकामी पाच पोती घडी घालून बाजूला ठेवली होती.

दादा तिथंच होता. मी विचारलं, "हे कोणी देलं?"

"पडूनच होते ना," तो म्हणाला. "वाया जाऊन राहिले होते."

माझ्या हातात काही नव्हतं. भट्टीजवळ पाण्याची बादली होती, ती मी उचलली आणि भट्टीत ओतली. मग दुसरी. वाफेचा मोठा भपका उठला, आचारी मागं पडला. मी त्याची माफी मागितली, कारण त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती. बाकी कोणाची मागितली नाही. वरण कच्चं राहिलं. पंगतीला बसलेले लोक उठून पाहू लागले. काकाजींनी मला कुळबुडवी म्हटलं. दादा माझ्या अगदी जवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "आता या घरी पाय नोको ठेवू."

"नाही ठेवत," मी म्हणाले. "उरलेले पोते आन पलंग घेऊन जातो."

सात पोती उरली होती. माझ्या नवऱ्यानं गावातल्याच एका टेम्पोवाल्याला बोलावलं. पोती चढवताना त्या गाडीवाल्यानं विचारलं, कुठं न्यायची. मला तोवर काहीच ठरवता आलं नव्हतं. अमरावतीच्या फ्लॅटमध्ये सात पोती सरण आणि एक लोखंडी पलंग मी कुठं ठेवणार होते. तेव्हा मला मायसोबत पन्नास वर्षं कापूस वेचणारी एक बाई आठवली. ती गावाच्या खालच्या अंगाला राहायची. तिथल्या बायांच्या बचत गटाची ती प्रमुख होती. तिच्या दारात गाडी नेली. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "माय मले बी सांगत होती. वाटलं, पोरगं करीन. ठेव इथं."

त्या वस्तीची मसनवट वेगळी आहे. आमच्या गावात मेल्यावरही सगळे एका ठिकाणी जात नाहीत. हेही मला त्या दिवशी नव्यानं टोचलं, लहानपणापासून डोळ्यांसमोर असून. तिथं सरकारी योजनेतलं एक पत्र्याचं शेड होतं. बायांनी पलंग त्या शेडखाली नेऊन ठेवला आणि पायांना सिमेंट लावून पक्का केला. त्यासाठी त्या ग्रामसभेत बोलल्या. मी बोलू शकले नाही. मी गेले होते, पण दादा उभा राहून म्हणाला, हिचं नाव इथल्या यादीत नाही, हिला बोलायचा हक्क नाही. ते नियमानं खरं होतं. मी भिंतीला टेकून ऐकत राहिले. बाया बोलल्या. सरपंच म्हणाले, करा, पण पंचायतीकडून काही मिळणार नाही.

भाद्रपदात त्या बाईचा दीर गेला. पाऊस होता. तिचा फोन आला, "ताई, पेटलं. तीन तासांत सारं झालं. काडी वल्ली नव्हती." मला बरं वाटलं, हे मी नाकारत नाही. पण पुढच्याच वाक्यात तिनं सांगितलं की वरच्या आळीतले लोक म्हणतात, हे गरिबांसाठी ठीक आहे, ज्यांना लाकूड परवडत नाही त्यांच्यासाठी. माय गरीब नव्हती. तिच्या नावावर काळी जमीन होती आणि तिनं हे निवडलं होतं. निवडणं आणि न परवडणं यातला फरक त्या लोकांना कधी कळणार, मला माहीत नाही.

आणि गावालाच काय बोल लावायचा. अमरावतीत आमच्याच शिक्षकांपैकी एक गृहस्थ वारले. आयुष्यभर वृक्षारोपणाच्या कार्यक्रमांचे अध्यक्ष. त्यांच्या अंत्यविधीला मी त्याच स्मशानभूमीत गेले, जिथं मायनं जाळी पाहिली होती. जाळी रिकामी होती. गॅसची दाहिनी चालू होती. सरांना आंब्याच्या लाकडांवर ठेवलं होतं आणि लोक त्यांच्या वृक्षप्रेमावर बोलत होते. मी श्रद्धांजलीच्या वेळी उठून जाळीकडे बोट दाखवलं. नंतर दोन जणांनी माझ्याशी बोलणं सोडलं.

मी एका ओळखीच्या वकिलांना विचारलं, माणसानं लिहून ठेवलं तर चालतं का. ते म्हणाले, लिहा, पण घरच्यांनी नाही मानलं तर तुम्ही भांडायला उरणार नाही. मालमत्तेसारखं ते बांधता येत नाही. मग मी माझ्यापुरतं लिहिलं आणि मुलाला वाचून दाखवलं. तो पुण्याला असतो. फोनवर म्हणाला, "आई, हे आत्ता कशाला?" मी म्हटलं, तुझ्या मामाला विचार कशाला ते.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, दारावरची बेल वाजली. वहिनी उभी होती, एकटी. बसनं आली होती. दोन वर्षांत आम्ही बोललो नव्हतो. मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर तिनं पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेलं आधार कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"माह्यं बी लिहून द्या, ताई," ती म्हणाली. "पऱ्हाट्यायचं."

माझा राग तिच्यावर पण होता. तो तिला दिसला असावा.

"त्या दिवशी मी सांगतलं होतं त्यायले," ती म्हणाली. "तुमी यायच्या पयले. दोनदा सांगतलं. दुसऱ्या खेपी त्यायनं हात उचलला. मंग मी दारात उभी राहिली. तुमी माह्याकडे पाह्यलं ते मले समजलं."

"मला सांगायचं होतं ना नंतर."

"तुमी घर सोडून गेल्या. मले तं तथीच राहा लागते."

मी कागद घेतला. तिनं सांगितलं तसं तिच्या शब्दांत लिहिलं, वाचून दाखवलं. दोन ठिकाणी तिनं बदल करायला लावला. मी लिहिलं होतं, माझी इच्छा आहे. ती म्हणाली, "इच्छा नोका लिहू. असंच कराचं हाय, असं लिहा." मग सावकाश, एकेक अक्षर जुळवत तिनं सही केली. साक्षीदार म्हणून मी केली, माझ्या नवऱ्यानं केली.

"दादानं पाहिलं का हे? त्याला विचारलं?"

"त्यायले कायले इचारू? माह्यं आंग हाय."

बसस्टँडकडे जाताना एका दुकानात तिनं त्या कागदाला लॅमिनेशन करून घेतलं. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, "बैठकीत लावतो, भिंतीवर. आल्या-गेल्यानं वाचलं पायजे. मंग कोनी म्हननार नाही का बोलनं झालंच नाही." मी तिला दर्यापूरच्या गाडीत बसवून दिलं.

चार दिवसांनी दादाचा फोन आला. मायच्या तेरवीनंतर पहिल्यांदाच. राम राम नाही, काही नाही.

"तुनं माही बायको बिघडवली," तो म्हणाला. "सारं गाव वाचून राहिलं. सोसायटीचे लोक चहा प्याले येतात आन ते वाचत बसतात."

तो पुष्कळ बोलला. त्याचं बोलून झाल्यावर मी विचारलं, "कागद काढला का तू?"

मागं कुठंतरी भांडी घासल्याचा आवाज येत होता.

"नाही," तो म्हणाला. "ती काढू नाही देत."